चौथा कोपरा

१

दुपारी दोनला जेवण उरकून नत्थूजी शेडात यायचे, आधी कूलर लावायचे, मग त्या कूलरला शिव्या द्यायचे आणि मग कामाला बसायचे. चाळीस वर्षांत हा क्रम मोडला नव्हता. कूलर तेवढे तीन बदलले. शिव्या जुन्याच चालू होत्या.

नागपूरच्या हुडकेश्वरात तेव्हा शेतं होती. आता चारी बाजूंनी फ्लॅट उठले होते. त्यांच्या घरामागचं टिनाचं शेड मात्र जिथल्या तिथं होतं. आत आंब्याच्या जाड फळ्यांचं एक टेबल, त्याला खेटून सागाचा खांब, खांबाच्या डोक्यावरून दारापर्यंत गेलेली लाकडाची एक आडवी वळई, म्हणजे तुळई, आणि दाराला सागाचीच चौकट. बाकी सगळा टिन. मे महिन्यात अशा ठिकाणी बसणारा माणूस एक तर संत असतो, नाही तर त्याला घरात कोणी बसू देत नाही. नत्थूजी संत नव्हते.

उभ्या आयुष्यात त्यांनी दोनच कामं मन लावून केली, एक सुतारकाम आणि दुसरं लोकांची फजिती. शिक्षण चौथी पास. पाचवीत त्यांनी मास्तरांच्या खुर्चीचा एक पाय बारीक करवतीनं चारातले तीन हिस्से कापून ठेवला होता. मास्तर आणि शिक्षण दोन्ही एकाच दिवशी कोसळले. सून दिपाली घरात आली त्या दिवशी तिला भाजीला लाकडाची वांगी दिली, रंग देऊन, देठ लावून. बिचारीनं अर्धा तास विळीवर कष्ट केले आणि नंतर शेजारणीला विचारलं की नागपुरात वांगी अशीच मिळतात का.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं. पण मागच्या नोव्हेंबरात त्यांनी शेजारच्या गल्लीत उभं राहून, तोंडावर दुपट्टा धरून, बायकोला एक फोन केला. तुमचे मिस्टर मानेवाडा चौकात ट्रकखाली आले, लवकर या. रुख्मिणीबाई अनवाणी धावल्या, फाटकाच्या पायरीवरून पडल्या आणि उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. दवाखान्यात आठ दिवस त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. सुट्टी मिळाल्यावर घरी न येता सरळ खाप्याला लेकीकडं, कामिनीकडं, गेल्या. त्याला सहा महिने झाले.

सहा महिने म्हणजे काय, ते नत्थूजींना आधी कळलं नाही. मग कळत गेलं. जिच्या खोड्या काढायच्या ती घरात उरली नव्हती, आणि उरली असती तरी अंगात उत्साह उरला नव्हता. सकाळी उठलं की थकवा, जेवलं की थकवा. झोपून उठलं की झोपल्याचा थकवा.

बेचाळीस वर्षांच्या संसारात रुख्मिणीबाईंनी एकच वस्तू मागितली होती, स्वतःची एक पेटी. चांगल्या लाकडाची, पाहत राहावं अशी. साऱ्या नागपूरला पेट्या पुरवणाऱ्याच्या घरात बायकोच्या बांगड्या पिशवीत राहत होत्या. तर नत्थूजींनी ती पेटी करायला घेतली आणि मुलाकडून, अमोलकडून, खाप्याला निरोप धाडला. दोन दिवसांनी उत्तर आलं. येत्या सोमवारी मनगट दाखवायला त्या नागपुरात येणारच होत्या. तेव्हा पेटी पाहतील, मनात आलं तर राहतील. पण त्या पेटीत एक जरी खोडी निघाली, तर हा उंबरठा पुन्हा चढणार नाहीत.

अमोलनं हे हसत हसत सांगितलं. नत्थूजी हसले नाहीत. तेव्हा अमोलच्या लक्षात आलं की बाप म्हातारा झाला.

२

लकडगंजच्या एका दुकानात शिसमची एक फळी चार वर्षं कोपऱ्यात उभी होती. दीड इंच जाड, आणि आत लहर अशी की तळ्याच्या पाण्यावरून वारा जाऊन पाणी तसंच थिजावं. एका टोकाजवळ बारीकशी काळी गाठ. सुतार तिला डोळा म्हणतात. दुकानदार म्हणाला, ही फळी कोणी घेतच नाही, का कोण जाणे. नत्थूजी म्हणाले, तुमचं तोंड पाहून गिऱ्हाईक परत जात असेल.

आता एक गोष्ट सांगणं भाग आहे, नाही तर पुढचं कळणार नाही. एकाच फळीतून पेटीच्या चार बाजू ओळीनं कापल्या, की लाकडाच्या रेघा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर कोपरा वळून जातात. पहिला कोपरा जुळतो, दुसरा जुळतो, तिसराही जुळतो. चौथ्या कोपऱ्यात मात्र फळीचं डोकं आणि शेपूट समोरासमोर येतं, आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नसतं. तिथं रेघा तुटतात. प्रत्येक पेटीला असा एक फुटका कोपरा असतो. सुतार तो मागच्या अंगाला ठेवतो आणि गप्प बसतो.

फुटका कोपरा जुळवायची एक युक्ती आहे. जाड फळी मधोमध चिरून दोन पातळ फळ्या करायच्या, पुस्तकाच्या पानांसारख्या उघडायच्या आणि एकीतून आधी लांब बाजू, दुसरीतून आधी आखूड बाजू कापायची. मग चारही कोपरे जुळतात. नत्थूजींना ही युक्ती सोळाव्या वर्षीच सुचली होती. त्यांचे उस्ताद चंद्रभान यांनी ते पाहिलं आणि अशी कानाखाली दिली की दोन दिवस नत्थूला डाव्या बाजूचं जग ऐकू आलं नाही. चौथा कोपरा फुटकाच पाहिजे, एवढंच ते म्हणाले. काहून, ते सांगितलं नाही. नत्थूजींनी मनाशी ठरवून टाकलं की उस्तादांना स्वतःला जमत नसेल.

पण रुख्मिणीबाईंची एक खोड होती. कोणतीही वस्तू त्या आधी मागून पाहत. साडीची उलटी बाजू, भांड्याचं बूड. (नवरा तेवढा समोरून पाहून घेतला, तिथं फसल्या.) पेटी हातात आली की आधी मागचा कोपरा पाहणार, हे नत्थूजींना पक्कं ठाऊक होतं. तो फुटका दिसला की म्हणणार, हो का, माझ्या वाट्याला हेच.

त्यांनी फळी आरामशीनवर चिरून आणली. डोळा इतका बारीक होता की करवतीनं त्याची एक बाजू खाऊन टाकली. तो एकाच फळीत आला. मग सहा दिवस काम चाललं. गुडघे दुखत, बोटांत पटाशी टिकत नसे, दर अर्ध्या तासाला टेबलावर डोकं टेकून पडावं लागे. सहाही बाजू जोडून पेटी बंद करायची आणि मग करवतीनं झाकण वेगळं कापायचं, ही जुनी रीत. त्यानं झाकणाच्या आणि अंगाच्या रेघा सलग राहतात. बिजागऱ्या बसल्या. चपडीचं पॉलिश चढलं, सात हात.

शुक्रवारी दुपारी त्यांनी डोळे मिटून पेटीच्या कडेनं बोट फिरवलं. कुठं अडतं का पाहायला. एक फेरी झाली, दुसरी झाली. बोट कुठंच अडलं नाही. चार-पाच फेऱ्या झाल्यावर डोळे उघडले, तेव्हा सुरुवात कोणत्या कोपऱ्यापासून केली होती ते त्यांना आठवेना. कूलरचं पाणी संपलं होतं, नुसता पंखा खडखडत होता. फेऱ्या बऱ्याच जास्त झाल्या असाव्यात.

३

डोळा पेटीच्या समोरच्या बाजूवर होता, डाव्या कोपऱ्याशी. ठेवायचा म्हणून नत्थूजींनी तो तिथं ठेवला होता. तीट लावल्यासारखा दिसत होता. शनिवारी सकाळी शेड उघडलं, तर तो समोरच्या बाजूच्या मधोमध होता.

त्यांनी चष्मा पुसला. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं होतं. त्यांनी आधी तो झाकून पाहिलं, मग दुसरा झाकून पाहिलं. दोन्ही डोळ्यांचं या बाबतीत एकमत होतं, जे एरवी कधी नसे.

लाकूड चालतं, हे सुताराला सांगावं लागत नाही. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, रात्री कुरकुरतं. पण ते चालतं सुताभर. चार बोटं चालणाऱ्या लाकडाला पाय असावे लागतात.

पॉलिश झालं होतं, तरी त्यांनी पेन्सिल घेतली आणि डोळ्याभोवती एक गोल काढला. हलक्या हातानं, पुसता येईल असा. मग जेवायला गेले. बरबटीची भाजी होती. दोन घास कमीच गेले. परत येऊन पाहिलं. गोल जागच्या जागी होता आणि रिकामा होता. त्याच्या आतून लहरी सरळ पलीकडं गेल्या होत्या, जणू तिथं कधी काही नव्हतंच. डोळा दोन बोटं उजवीकडं सरकून बसला होता.

आता नत्थूजींना हायसं वाटलं. कोणीतरी खोडी काढत होतं. आयुष्यभर पेरलं ते उगवलं. दुसरी तशीच पेटी करून कोणीतरी अदलाबदल करतंय, पेन्सिलीचा गोल हुबेहूब काढतंय, वा. आणि शेडाची दुसरी किल्ली अमोलकडं होती. पोरगा प्लायवूडची किचन बसवतो म्हणून त्याला ते मनातून सुतार मानत नव्हते. आज पहिल्यांदा मान द्यावासा वाटला.

संध्याकाळी अमोल बेसाच्या साईटवरून आला, तेव्हा त्यांनी त्याला अंगणातच गाठलं.

"खरं सांग बे. तुनंच केलं ना? मी रागवत नाई."

अमोलनं सगळं ऐकून घेतलं. डोळा, गोल, सगळं. त्याच्या केसांत भुसा होता, पाठ वाकली होती. बापलेकात त्या घडीला जास्त दमलेला कोण, हे सांगणं कठीण होतं.

"बाबा, परवा आई येऊन राहिली," तो म्हणाला. "हे असलं काही तिच्यापुढं बोलसान तं ती पायरीवरूनच परत जाईन. मंग मले नका म्हणू तिले समजाव म्हणून."

"मी खोडी नाई करून राहिलो गा."

"हाव. वांगीबी खरीच होती."

रात्री जेवताना दिपालीनं विषय काढला नाही, पण वाढताना तिनं पोळी उलटसुलट करून पाहिली आणि मगच ताटात टाकली. या घरात आपल्या शब्दाची किंमत काय आहे, ते नत्थूजींना त्या पोळीवरून समजलं.

४

रविवारी सकाळी डोळा पेटीच्या उजव्या बाजूवर गेला होता. पण नत्थूजींची नजर तिथं ठरली नाही. ती खाली गेली.

टेबल आंब्याचं होतं. आंब्याच्या लाकडाला रूप नसतं. फिकट, मळकट, रेघा अशा की शाळेच्या वहीत ढ पोरानं ओढाव्यात. त्या टेबलावर चाळीस वर्षं त्यांनी घासलं, ठोकलं, चहा सांडला. त्याचा प्रत्येक वण त्यांना पाठ होता. आता पेटीच्या बुडापासून सुरू होऊन टेबलाच्या फळीवर लहर उमटली होती. रंग आंब्याचाच, फिकट. लहर शिसमची. पेटीच्या अंगावरची एकेक रेघ खाली उतरून, वळून, टेबलावर सलग पुढं गेली होती. जोड इतका साफ की दोन लाकडं आहेत असं वाटत नव्हतं.

त्यांनी पेटी उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. मग स्टुलावर बसले आणि पाहत राहिले. काहीच हललं नाही. टिन तापून मधूनच टण्ण वाजत होतं. पाणी भरलेला कूलर घरघर करत होता. त्यांची पापणी जड झाली, मान खाली गेली, पाच मिनिटं असेल नसेल. जाग आली तेव्हा नव्या जागेवरही रेघा जुळलेल्या होत्या, आणि जुन्या जागेवरच्या गेल्या नव्हत्या. दोन्हीकडून येऊन त्या मधोमध भेटल्या होत्या आणि तिथून टेबलाच्या कडेकडं, खांबाकडं निघाल्या होत्या.

ऊन लागलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. एक अख्खा कांदा खाल्ला, दुसरा खिशात ठेवला. उन्हावर नागपूरकरांचं हे औषध. कांद्यानं तोंडाला वास आला, बाकी फरक पडला नाही.

मग त्यांनी दिपालीला हाक मारली. ती शेडाच्या दारापर्यंत आली आणि बाहेरच थांबली. त्या शेडात रबराचे विंचू तिनं बरेच पाहिले होते. त्यांनी टेबल दाखवलं. तिथून तिला काय दिसणार? एक जुनं टेबल आणि एक फार सुंदर पेटी. ती बराच वेळ पेटीकडं पाहत राहिली.

"मामाजी, खरंच छान झाली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मऊ झाला. "आई पाहतीन तं रडतीन. आता कृपा करून यात काही घालू नका. दोन दिवस सुधरा. मंग मलेच वांगी द्या, मी कापतो."

एवढं गोड बोलणाऱ्या सुनेला पुढं काय सांगणार? ते म्हणाले, बरं.

५

उस्ताद म्हणाले होते ते नत्थूजींना आता निराळंच ऐकू येऊ लागलं. फुटका कोपरा म्हणजे दोष नव्हता. तिथं लाकूड थांबत होतं.

मग उपाय सोपा होता. चौथा कोपरा पुन्हा फोडायचा. जोडात करवत घालायची, एक बाजू सुटी करायची, दोन सूत रंधून रेघा चुकवायच्या आणि पुन्हा चिकटवायची. दोन तासांचं काम. रुख्मिणी मागून पाहील, नाक मुरडेल. मुरडू दे.

त्यांनी पेटी डाव्या हातानं छातीशी धरली आणि चौथा कोपरा शोधायला लागले.

सापडेना. चारही कोपरे सारखे. जोडाची बारीक रेघ कुठं तरी दिसायला हवी. त्यांनी स्वतः दातांत दात घालून ते कोपरे जोडले होते, आठ-आठ दात, एकेक पटाशीनं कोरलेला. दात कुठंच नव्हते. लहर एका बाजूवरून येत होती, वळत होती, पुढं जात होती. अंदाजानं एका कोपऱ्यावर करवत लावली. बोटभर कापलं आणि खांदा भरून आला. त्यांनी करवत बाजूला ठेवली, माठातलं पाणी प्यायले, डोक्यावर ओतलं, उंबरठ्यावर बसून थोडा दम खाल्ला. परत आले तर काप मिटला होता. खाली भुसा पडलेला होता. म्हणजे कापलं होतं हे नक्की.

भुसा पाहून त्यांना बरं वाटलं. वेड लागलेलं नाही याचा तेवढा एक पुरावा, चिमूटभर.

पेटी जाळावी, हेही मनात आलं. पण पेटी जाळून टेबल उरणार होतं. टेबल जाळून खांब. लहर एव्हाना खांबावर कमरेइतकी चढली होती. आणि दुसरं म्हणजे उद्या सोमवार. रुख्मिणी येईल आणि विचारेल, पेटी कुठाय. जाळली म्हणून सांगितलं तर पेटी कधी नव्हतीच असं ती समजेल, आणि तिच्या जागी कोणीही तेच समजेल. नवी करायला सहा दिवस आणि दोन चांगले हात लागत होते.

हाताचा विचार आला म्हणून त्यांनी हात पाहिला.

डावा. ज्यानं पेटी दाबून धरली होती तो. तळहाताच्या कडेनं, करंगळीखालून, बारीक बारीक रेघा निघाल्या होत्या, एकीला एक लागून, पाण्यावर वारा गेल्यासारख्या. आडव्या होऊन त्या अंगठ्यापर्यंत पोचल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या रेघा, ज्या पाहून धंतोलीच्या एका ज्योतिष्यानं नव्वद वर्षं सांगितली होती, त्या आता कुठं सुरू होतात तेच दिसेना. दुखत नव्हतं. त्यांनी टर्पेंटाइन लावून घासलं, मग काचकागदानं घासलं. रक्त आलं. ते रेघांतून वाहत गेलं, एक वळण न चुकवता.

त्यांनी हाताला दुपट्टा गुंडाळला. पेटीवर गोणपाट टाकायच्या आधी सवयीनं डोळा शोधला. समोर नव्हता. डावीकडं, उजवीकडं, मागं, झाकणावर, बुडावर, आत. पेटीवर डोळा नव्हता.

६

सोमवारी अकरा वाजता अमोलची गाडी फाटकाशी लागली. नत्थूजी पहाटेपासून शेडात स्टुलावर बसून होते. दाढी करायची म्हणून ठेवलेलं पाणी तसंच निवून गेलं होतं. डोळा शोधून शोधून मान आखडली होती. टेबलावर नव्हता. खांबावर नव्हता.

रुख्मिणीबाई घरात न जाता सरळ मागं आल्या. अमोल मागून बॅग घेऊन येत होता. मोठी बॅग. डॉक्टरला मनगट दाखवायला एवढी बॅग लागत नाही. ती पाहून नत्थूजींचं सगळं अंग सैल पडलं. सहा महिन्यांची दमणूक एकदम वर आली.

"काहो, लई वाळले तुमी," रुख्मिणीबाई दाराबाहेरून म्हणाल्या.

शेडाचा उंबरठा उंच होता. गुडघ्यांमुळं त्या नेहमी चौकटीला धरून वर चढत. प्लेट काढलेला उजवा हात त्यांनी पुढं केला. तेव्हा नत्थूजींना तो दिसला. चौकटीवर, त्यांच्या बोटांपासून वीतभर खाली. काळा, ओलसर, नुकतं पॉलिश केल्यासारखा. खांबावरून आडव्या वळईवर आणि वळईवरून चौकटीवर लहर उतरली होती, आणि तिच्या टोकाशी तो होता. या चौकटीला चाळीस वर्षं हात लावून ते आत आले होते. तिथं गाठ नव्हती.

"चौकटीले हात नको लावू वं."

"काहून?"

"रंग ओला हाय."

रुख्मिणीबाईंनी चौकटीकडं पाहिलं. रंग वीस वर्षं जुना होता. हात तसाच हवेत राहिला आणि त्यांच्या ओठांची एक बाजू किंचित वर गेली. मग त्यांची नजर दुपट्टा गुंडाळलेल्या डाव्या हातावर गेली. नत्थूजींनी तो पाठीमागं नेला.

"हातात काय लपवलं?"

"काही नाई."

"दाखवा बरं."

नत्थूजी उठून टेबल आणि दार यांच्या मधोमध उभे राहिले. आणि त्यांनी खरं सांगितलं. आयुष्यात बायकोला एवढं सलग खरं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. पेटीत काहीतरी वाईट आहे, ते टेबलात गेलं, खांबात गेलं, तुझ्या हाताजवळ आहे, तू मागं हो. आवाज थकलेला होता, त्यात चढउतार नव्हते.

रुख्मिणीबाई हसल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"एवढीशी खोडी चालते मले," त्या म्हणाल्या. "हात-पाय न मोडणारी. मी तिकडं कामिनीले म्हणत होतो, बुढा सुधरला तं घरात करमन का नाई आपल्याले. सरका आता, पाहू द्या."

म्हणजे खोडी निघाली तरी त्या राहणार होत्या. निरोपात आलेली अट गाडीतच कुठं तरी सांडली होती. नत्थूजींना हे ऐकायचं होतं, सहा महिने फक्त हेच ऐकायचं होतं. रुख्मिणीबाईंनी एक पाय उंबरठ्यावर ठेवला. हात पुन्हा चौकटीकडं गेला. डोळा आता वीतभर खाली नव्हता, चार बोटं खाली होता. नत्थूजींनी त्याला हलताना पाहिलं नाही. तो कधीच हलताना दिसत नसे.

खऱ्यानं ती थांबणार नव्हती. साध्या खोडीनंही नाही.

"पैज जिंकलो रे, अमोल," नत्थूजी म्हणाले.

रुख्मिणीबाई थांबल्या.

"पैज होती वं. म्या याले म्हटलं होतं, पेटीचं नाव काढ फक्त, बुढी बॅग भरून येते. आली. हे पाह्य, आणखी मोठी बॅग." त्यांनी पाठीमागं अंगठ्यानं टेबल दाखवलं. "म्या काय बनवतो पेटी तुह्यासाठी. लकडगंजातून रेडीमेड आणली. अन् तू आपली खाप्याहून आशेवर."

अमोल म्हणाला, "बाबा?" मग आईकडं वळून म्हणाला की त्याला यातलं काहीच माहीत नाही. ते खरं होतं, आणि ते ऐकून रुख्मिणीबाईंच्या तोंडावर जे आलं त्यावरून स्पष्ट दिसत होतं की त्यांना आता मुलाचंही खरं वाटत नव्हतं.

त्यांनी हात मागं घेतला. दुसऱ्या हातात धरला, दुखरा असल्यासारखा. उंबरठ्यावरचा पाय खाली ठेवला. नत्थूजींकडं त्या बराच वेळ पाहत राहिल्या, मागून पाहायचं राहून गेलेल्या वस्तूकडं पाहावं तसं.

"बॅग गाडीत टाक," त्या अमोलला म्हणाल्या.

पाठमोऱ्या होऊन त्या अंगणातून निघाल्या. चालताना एकदा अडखळल्या, तुळशीच्या कट्ट्याला धरलं, सिमेंटचा होता. दिपाली स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली आणि काय झालं ते कोणी तिला सांगेना. आता फक्त त्यांनी वळून पाहू नये एवढंच हवं होतं. कारण वळून पाहिलं असतं तर नवऱ्याचं तोंड दिसलं असतं, आणि बेचाळीस वर्षं ते तोंड ओळखणाऱ्या बाईला मग काही सांगावं लागलं नसतं.

म्हणून नत्थूजी हसायला लागले. हसायला ताकद लागते आणि ती त्यांच्याकडं नव्हती. तरी टेबलाची कड उजव्या हातानं घट्ट धरून ते हसले, फाटकापर्यंत ऐकू जाईल असे. गाडीचं दार आपटलं. ते हसत राहिले. गाडी सुरू झाली, गल्लीतून वळली, मोठ्या रस्त्याला लागली, आवाज विरला. दिपाली अंगणातून त्यांच्याकडं एकटक पाहत होती. ते आणखी थोडा वेळ हसले. कारण अमोलची गाडी कधी कधी अर्ध्या वाटेतून परत यायची, काही राहिलं म्हणून.